बदलीचं झाड

शके अठराशे एकतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे नऊ. राज्य शाहू छत्रपतींचं. प्लेग एकदा येऊन गेला होता आणि पुन्हा यायच्या बेतात होता. आणि मी मराठी सहाव्या इयत्तेत बसले होते. राजा, रोग आणि माझी सहावी यांना एका पंगतीत बसवल्याबद्दल कुणी हसेल. पण त्या वर्षी माझ्या लेखी तिन्हींचं वजन सारखंच होतं.

डोक्यावरून पदर घेतलेली लग्नाची बाई छातीशी पाटी धरून शाळेत जाते, हे आमच्या गल्लीला एव्हाना पचत आलं होतं. सहावी पास झालेल्या बाईला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमत. मला मास्तरीण व्हायचं होतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात मी बोलत असताना मधेच कुणीही उठून जायचं, आणि वर्गातून कुणाला तसं उठता येत नाही, हे एक कारण असावं.

परीक्षा चैत्रात होती. तिच्या आड एक झाड आलं. झाड आणलं आमच्या यांनी.

यांचं नाव माधव. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर नाव घ्यायला हरकत नाही, पण जिभेला सवय नाही, म्हणून पुढं 'हे'च म्हणते. हे मुलांच्या शाळेत मास्तर होते. स्वभावानं गरीब, फक्त इंग्रजी पुस्तक वाचलं की त्यांच्या अंगात यायचं. त्या वर्षी ज्येष्ठात शाळा तपासायला डिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले. यांचा पक्ष्यांवरचा पाठ चालू होता. चिमणी, साळुंकी करत हे एकदम अमेरिकेत गेले आणि मुलांना सांगू लागले, की तिकडं अंगठ्याएवढा एक पक्षी आहे, तो हवेत एका जागी उभा राहून फुलातला मध पितो, आणि त्याच्या पंखांचा भुंग्यासारखा आवाज होतो.

डिपोटींनी विचारलं, "मास्तर, तुम्ही पाहिलाय हा पक्षी?"

इथं 'नाही साहेब' म्हटलं असतं तर ही गोष्ट संपली असती. हे म्हणाले, "पाहिला नाही, पण दाखवू शकतो. त्याच्या आवडीचं झाड कलकत्त्याच्या नर्सरीत मिळतं. झाड लावलं की तो येणारच. गूळ ठेवला की मुंगळा येतोच की."

"मुंगळा अमेरिकेहून येत नाही."

"झाड आलंच ना तिकडून? झाडाला तर पाय नाहीत, साहेब. पक्ष्याला पंख आहेत."

डिपोटी हसले. "ठीक. मार्गशीर्षात पुन्हा येईन, तेव्हा दाखवा," म्हणून निघून गेले. माझी खात्री आहे, की ते टांग्यात बसेपर्यंत विसरलेसुद्धा होते. पण यांच्या शाळेचे मोठे मास्तर विसरले नाहीत. यांनी परस्पर साहेबांशी बोलावं हे त्यांना झोंबलं होतं, आणि त्यांच्याकडं मलकापूरची एक जागा कित्येक महिने रिकामी पडली होती. मलकापूर रत्नागिरीच्या वाटेवर. तिथला पाऊस असा, की तिथं गेलेला मास्तर एका पावसाळ्यात रजेचा अर्ज करी आणि दुसऱ्यात नोकरी सोडी. मोठ्या मास्तरांनी यांना बोलावून सांगितलं, "पक्षी आला तर तुम्ही इथं. नाही आला तर मलकापूर. साहेबांना थाप मारणारा मास्तर मला शाळेत नको."

संध्याकाळी हे घरी आले आणि हसत हसत ही हकिगत सांगू लागले. सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, हातातली वात तशीच धरून बसल्या. मी विचारलं, "तिथं मुलींची शाळा आहे का?"

"मुलांचीच धड नाही," हे म्हणाले, आणि मग त्यांचंही हसू गेलं.

झाड मागवलं. ते आषाढात कोल्हापूरला यायचं ते कुणाच्या तरी कृपेनं हातकणंगल्याला उतरलं. 'येऊन घेऊन जा' असा निरोप आला. मग यांनी गल्लीच्या तोंडावरच्या दस्तगीरचा टांगा केला. दस्तगीर म्हणजे एक गोष्टच होती. त्याला जगातलं सगळं माहीत असे आणि त्यातलं निम्मं चुकीचं असे, पण तो इतक्या मोठ्यानं सांगायचा की चूक काढायला जागाच राहायची नाही.

हातकणंगल्याच्या पार्सलबाबूनं यांना विचारलं, "माल जिवंत की निर्जीव?"

"झाड आहे."

"ते दिसतंय. जिवंत माल म्हणजे कोंबडी, बकरी. ज्याला चारा लागतो तो."

"याला पाणी लागतं."

"मग मधल्या दिवसांत पाणी कुणी घातलं?"

"तुम्ही घातलं असेल तर उपकार झाले."

"आम्ही कशाला घालू? म्हणजे निर्जीवच की. मग पाच पानं सुकलीत म्हणून तक्रार करायची नाही."

हा वाद आत चालला असताना दस्तगीरनं पार्सल बाहेर आणून टांग्याला टेकवून ठेवलं होतं. हे सही करून बाहेर आले, तर झाडाचा शेंडा नव्हता. तो घोड्याच्या तोंडात होता.

हे मटकन खाली बसले. दस्तगीर म्हणाला, "आवं मास्तर, रडताय काय! घोड्यानं खाल्लं म्हंजे इषारी न्हाय ही खात्री झाली की. आन् शेंडा मोडला की झाड बाजूनं फुटतंय. माझ्या घोड्यानं तुमचं काम केलंय, आता त्येला चणं द्या."

परतताना कोल्हापूरच्या जकातनाक्यावर अडवलं. फळझाडाला एक दर, जळणाला एक, इमारती लाकडाला एक. नाकेदार झाडाभोवती फिरला.

"फळ येतं?"

"फुलं येतात."

"फुलाची जकात वेगळी. फुलं कुठायत?"

"अजून यायचीत."

"मग आता काय म्हणून घालू? असं करा, फुलं आली की घेऊन या."

"तोपर्यंत झाड?"

"तोपर्यंत हितंच राहू द्या."

शेवटी दस्तगीर टांग्यातून उतरला आणि ओरडला, "आवं पावणं, ह्यो घोड्याचा चारा हाय! खाऊन ऱ्हायलेला हाय, बघा की शेंडा!" घोड्यानं तेवढ्यात पुन्हा तोंड घातलं. पुरावा बिनतोड होता. माझ्या नवऱ्याची नोकरी आणि माझी परीक्षा ज्यावर टांगलेली होती ते झाड कोल्हापुरात चारा म्हणून दाखल झालं.

परसात विहिरीजवळ ते लावलं. वीतभर काडी आणि तिला चार पानं. ते पाहायला सगळी गल्ली आली, आणि प्रत्येकजण काहीतरी सांगूनच गेला. डाव्या बाजूला बंडूनाना राहायचे, कचेरीतून निवृत्त झालेले. गल्लीतली सगळी और्ध्वदेहिकं, दहावे-तेरावे, त्यांच्या देखरेखीखाली पार पडत, त्यामुळं प्रत्येक गोष्टीकडं ते जरा शेवटाच्या बाजूनंच पाहत. काडीकडं पाहून त्यांनी सुस्कारा सोडला. "माधवा, मन घट्ट कर. ताकात हिंग कालवून घालत जा. वाचलं तर वाचलं."

उजव्या बाजूला झुंबरबाई. चार म्हशी, दुधाचा रतीब, आणि आवाज असा की तिनं म्हशीला हाक मारली तर आमच्या चुलीवरचं दूध वर यायचं. ती भिंतीवरून वाकून म्हणाली, "ताक कशाला? सुकटाचं पानी घाला, सुकटाचं! बोंबील धुतलेलं. कसं तरारून येतंय बघा."

अक्कांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "झुंबरे, आमच्या परसात विहीर आहे. देवाचं पाणी आहे तिथलं."

"मग देवालाच इचारा पक्षी आनतोस का!"

हे रोज ताक घालत आणि झाडाशी इंग्रजीत बोलत. अक्का रोज प्रदक्षिणेसारख्या त्याच्याभोवती फिरून 'नजर ना लागो' म्हणत. मी रोज शाळेतून आले की पहिल्यांदा पानं मोजायची. मैत्रिणी त्रैराशिकं सोडवत होत्या त्या वेळी मी चारात दोन मिळवत आणि त्यातली एक गळाली म्हणून वजा करत बसले होते. श्रावण गेला. काडीची काठीसुद्धा होईना. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं, बदलीचं झाड. रस्त्यात भेटेल तो यांना विचारायचा, "काय मास्तर, बदलीचं झाड काय म्हणतंय?" जणू घरात दुखणाईत आहे. यांनी वळसा घालून, रंकाळ्याच्या बाजूनं शाळेत जायला सुरुवात केली.

भाद्रपदात मात्र झाड एकाएकी उसळलं. तांबूस कोंभ, चौघी जावांसारखी एका पेरावर चार-चार पानं, बघता बघता कमरेएवढं झालं. बंडूनाना आणि हे दोघं ताकाचा जयजयकार करत होते. परसात मधूनच एक वास यायचा. अक्का नाकाला पदर लावून गोमूत्र शिंपडायच्या आणि भिंतीकडं पाहायच्या. भिंतीपलीकडं झुंबरबाई म्हशीला म्हणायची, "बघतीस काय, काम झालं की!"

कार्तिकात कळ्या धरल्या. नळीसारख्या बारीक, शेंदरी-तांबड्या, घोसाघोसांनी. यांनी त्या संध्याकाळी मला कौतुकानं बोलावून दाखवल्या. "उद्या उमलतील. मग बघ." त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पाटी हातात घेतली.

सकाळी झाडावर एकही फूल नव्हतं.

हे म्हणाले, गळाली असतील. खाली पडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या, तिसऱ्या सकाळी पुन्हा बोडकं झाड. बंडूनानांचा संशय उंदरांवर होता, झुंबरबाईचा मोठ्या मास्तरांवर. दस्तगीर म्हणाला, "पक्षीच येऊन जातोय मास्तर! फुलासकट गिळतोय. लांबनं आलाय, भूक लागली आसंल." हे ऐकून यांना क्षणभर बरं वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा मलकापूरचा पाऊस ऐकू आला.

मग एका पहाटे हे आणि मी कडब्याच्या गंजीआड पहारा करत बसलो. तांबडं फुटायला आणि परसाचं दार वाजायला एकच गाठ पडली. आत आल्या त्या बायका. हातात परड्या. गल्लीतल्या, मागच्या गल्लीतल्या, काही मी कधी न पाहिलेल्या. आणि त्यांच्या पुढं, धुतलेल्या लुगड्यात, सगळ्यांत मोठी परडी घेऊन आमच्या अक्का. "ही फांदी माझी," त्या सांगत होत्या, "तुम्ही पलीकडची घ्या. कळ्या नका तोडू, बयांनो, उद्याला राहू द्या."

हे गंजीआडून बाहेर आले. कुणी दचकलंसुद्धा नाही. चोर दचकतो, देवाला फुलं नेणारा कशाला दचकेल? कुणाच्याही कुंपणातलं फूल देवासाठी घ्यावं, त्याला विचारायचं नसतं, हे आम्ही सगळेच आईच्या पोटातून शिकून आलेले. हे स्वतः लहानपणी अख्ख्या पेठेची जास्वंद तोडून आणायचे.

"आई," यांचा आवाज रडवेला झाला होता, "ही फुलं पक्ष्यासाठी आहेत."

"पक्षी काय देवापेक्षा मोठा? मी देवीला नवस बोलले आहे. माधवाची बदली टळू दे, पहिला बहर तुझ्या पायाशी घालीन."

"अगं, फुलं राहिली तरच बदली टळणार! आणि नवस फळल्यावर फेडतात, आधी नाही!"

"आधी फेडला म्हणजे तिला भीड पडेल," अक्का म्हणाल्या. "आजवर नंतर फेडले, काय झालं त्यांचं?"

मागची एक अनोळखी बाई कौतुकानं म्हणाली, "लई गुणाचं फूल हाय हो मास्तर. देवीला शोभून दिसतंय. दोन दिवस टिकतंय बी." आणि यांच्याच देखत तिनं उरलेला घोस खुडला.

अक्कांचा नवस दोन-तीन दिवसांत पुरा झाला, त्यांनी हात आखडला. पण बायकांना नको म्हणायला तयार होईनात. देवाच्या फुलाला नाही म्हणणारीच्या घरात काय काय होतं याची त्यांच्याजवळ उदाहरणं होती. दाराला कडी घातली, तर बायका झुंबरबाईच्या गोठ्यातून भिंत चढून आल्या, आणि त्यातली एक हौदात पडली. तिला आम्हीच दूध-हळद दिली. परडीतली फुलं मात्र तिनं सोडली नव्हती.

तोडगा बंडूनानांनी काढला. "झाडावर अक्कांचं सोवळं टाका. हात लावायची कुणाची छाती होते बघू."

हा उपाय इतका जालीम ठरला की आम्हाला हसू येईना. अक्कांचं जांभळं रेशमी सोवळं झाडावर पडलं आणि बायका परसाच्या दारातूनच हात जोडून परत जाऊ लागल्या. त्याला शिवलं तर ते विटाळणार, आणि मग अक्कांची जीभ. आत फुलं साठत राहिली. रोज अंघोळ झाली की ओलेत्यानं अक्का एक कोपरा उचलायच्या, पाणी घालायच्या, पुन्हा झाकायच्या. पक्ष्याला सोवळ्याआडचं कसं दिसणार, असं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, "वासानं कळेल." त्या फुलांना वास नव्हता.

माझा अभ्यास या सगळ्यात कुठं होता, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही. परीक्षेला बसायला मिळणार की नाही हेच एका अमेरिकन पाखराच्या हातात होतं. मग गणितं कुणासाठी सोडवायची?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी डिपोटी आले. ते आधी शाळेत जायचे, दुपारी आमच्याकडं, असं ठरलं होतं. तोवर अक्का देवळातून परत येऊन सोवळं काढणार होत्या. पण डिपोटींना टांगा मिळाला तो दस्तगीरचा, आणि दस्तगीरला आमचं भलं करायचं होतं.

"मास्तर!" सकाळीच तो दारात गर्जला. "सायबास्नी पयलं तुमच्याकडंच आनलं! मोठं मास्तर बी वाटंत गावलं, त्येस्नी बी घातलं टांग्यात!"

हे कोट घालून, पगडी चढवून, इंग्रजीतलं भाषण घोकत बसले होते. तसेच धावत परसात आले. डिपोटींनी जांभळ्या रेशमाच्या त्या ढिगाकडं पाहिलं. "हे काय? झाड कुठाय?"

"आत आहे."

"मग कापड काढा की."

"सोवळ्यातलं आहे, साहेब."

कुठल्याही दुसऱ्या मुलखात साहेबानं छडीनं कापड उडवलं असतं. पण डिपोटींच्या घरीही कुणीतरी अक्का असणार. त्यांनी उचललेला हात मागं घेतला. "मग आता?"

"अंघोळ करून येतो," हे म्हणाले.

मोठ्या मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. मी रहाट ओढला. मार्गशीर्षातलं विहिरीचं पाणी. यांनी कोट-पगडी माझ्या हातात दिली, पंचा नेसला, आणि वरिष्ठांच्या समोर बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. भिंतीवर एव्हाना झुंबरबाई आणि तिच्यामागं निम्मी गल्ली गोळा झाली होती. ओल्या पंचानं, दात वाजवत, शेंडीतून पाणी गळत हे झाडापाशी गेले आणि सोवळं उचललं.

आणि काय सांगू, झाड पेटल्यासारखं दिसलं. इतके दिवस कुणाचा हात न लागलेला तो सगळा बहर. डिपोटींच्या तोंडून 'वा' निघून गेलं. मोठे मास्तरसुद्धा पुढं सरकले. त्या क्षणी मला वाटलं, की येईल. खरंच येईल. मी सहावीत शिकणारी बाई, नकाशात अमेरिका दाखवता येत होती, मधला समुद्र दाखवता येत होता, तरी वाटलं.

"तो प-प-पक्षी," हे थंडीनं कुडकुडत म्हणाले, "हवेत स्थि-स्थिर राहून..."

सगळे वर पाहत राहिले. झुंबरबाईची म्हैससुद्धा गप्प होती. आभाळ स्वच्छ, रिकामं. वेळ जाता जाईना. मोठ्या मास्तरांचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

बंडूनानांना ते सोसवेना. अशा रिकाम्या आभाळाकडं पाहत उभं राहण्याचा त्यांचा जन्माचा अनुभव होता, आणि अशा वेळी काय करायचं ते त्यांना पाठ होतं. ते पुढं झाले, झाडासमोर हात जोडले, आणि दहाव्याला नदीकाठी बोलायचा तो खालचा, समजुतीचा आवाज काढला.

"काय राहिलंय मनात? काही काळजी करू नकोस. माधवाला आम्ही सांभाळू. त्याची बदली होणार नाही. सुनेला परीक्षेला बसवू. अक्कांना काही कमी पडू देणार नाही. आता ये."

"आन् भित्तीवरनं सुकटाचं पानी घालीत होते तसंच घालीन की!" झुंबरबाई भिंतीवरून ओरडली. "इसरनार न्हाय!"

काव, असा आवाज झाला. विहिरीवरच्या आंब्यावरून एक कावळा उतरला, थेट झाडावर बसला, एक घोस तोडला आणि उडून गेला.

बंडूनानांनी सुस्कारा सोडला. "सुटला!"

आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. भिंतीवरच्या बायकांचे, दस्तगीरचे, मोठ्या मास्तरांचे घड्याळासकट. डिपोटींनी पायातला जोडासुद्धा काढला होता. मीही कोट-पगडी काखेत धरून हात जोडले. फक्त आमचे हे तेवढे ओल्या पंचानं तसेच उभे होते, ज्याचं गेलंय त्याच्यासारखे.

डिपोटी जोडा घालताना म्हणाले, "पक्षी आला, मास्तर. पण हा कोल्हापूरचाच रहिवासी दिसतो."

तेवढ्यात अक्का देवळातून प्रसाद घेऊन आल्या. "आला का रे पक्षी?"

"आला की अक्का!" दस्तगीर म्हणाला. "काळा हुता."

मलकापूरचा हुकूम पौषात हातात पडला. मी पाटी-पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी घातली, कारण नवरा जाईल तिथं बायको जाते आणि यांना चहासुद्धा करता येत नव्हता. भांडी बांधायला घेतली तेव्हा अक्का जागच्या उठल्या नाहीत. "मी त्या चिखलात येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि हिला नेलीस तर मला इथं कोण? मला भाकरी गरम लागते. ही इथंच राहील. तू जा."

माझ्या शिक्षणाचा त्यात कुठं उल्लेख नव्हता. त्यांच्या भाकरीपायी मी राहिले. हे एकटेच दस्तगीरच्या टांग्यात बसून गेले. निघताना झाडाकडं पाहिलं नाही. मला म्हणाले, "पास हो."

चैत्रात परीक्षा झाली. मी नापास झाले, गणितात.

गल्लीत हे कळल्यावर झुंबरबाई शेण थापता थापता म्हणाली, "ह्येच्यासाठी एवढं पाखरू मागवलं व्हय गं?" उन्हाळ्याच्या सुट्टीत हे आले, वाळलेले, दाढी वाढलेली. एका शब्दानं रागावले नाहीत. रोज दुपारी मला त्रैराशिकं शिकवली. मजूर, विहिरी, दिवस. दुसऱ्या वर्षी मी पास झाले. मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली. नेमणुकीचं गाव कोणतं असेल ते वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल. मलकापुरात त्याच वर्षी मुलींची शाळा निघाली होती. आणि मी रुजू व्हायच्या आठवड्यात यांना कोल्हापूरला परत आणल्याचा हुकूम निघाला. आमचे टांगे वाटेत एकमेकांना भेटले. दोन्ही टांगेवाल्यांनी घोड्यांना पाणी पाजलं, तेवढाच आमचा संसार झाला.

माझ्या टांग्यात अक्का होत्या. मुलाबरोबर न आलेल्या अक्का. "बाईमाणूस नोकरीच्या गावी एकटी कशी राहील?" असं त्या वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या. मलकापूरच्या पावसाला रोज शिव्या देत त्या तिथंच म्हाताऱ्या झाल्या आणि एका श्रावणात तिथंच गेल्या. त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या मुली ओल्या होऊन आमच्या दारात बसल्या होत्या.

बंडूनाना मुलीकडं साताऱ्याला गेले आणि तिकडं करमेना म्हणून महिन्याच्या आत परत आले. पुढच्या प्लेगात गेले. झुंबरबाईच्या चार म्हशींच्या चौदा झाल्या आणि तिचे नातू आता दुधाची मोटार चालवतात. मोठ्या मास्तरांनी पेन्शनीत भजनी मंडळ काढलं. डिपोटी कुठल्या गावी वारले ते कळलं नाही, भले गृहस्थ होते. दस्तगीरनं घोडा विकला आणि मोटारसर्व्हिसवर क्लीनर झाला. मलकापूरच्या गाडीच्या फळीवर उभा राहून तो उतारूंना घाटातल्या प्रत्येक झाडाची चुकीची नावं सांगायचा.

हे कोल्हापुरात एकटे राहून स्वयंपाक शिकले. दिवाळीला आणि उन्हाळ्याला आम्ही भेटायचो. माझी बदली मागायला ते कचेरीत जाऊन आले नाहीत असं एक वर्ष गेलं नाही. ती झाली नाही. मग त्यांना पेन्शन झाली. त्या पावसाळ्यात, मी वर्गावर असताना, दाराशी कुणीतरी छत्री झटकत उभं राहिलं. ट्रंक चिखलानं माखलेली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मुलींनी मागं वळून पाहिलं आणि मी फळ्यावरचा खडू तसाच धरून उभी राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. "रुजू व्हायला आलोय."